मेडगर एव्हर्स आणि एकतीस वर्षांचा खटला

पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेल्या महार सुभेदाराच्या छातीवरच्या पदकांना गावच्या वेशीत काडीची किंमत नव्हती, हे या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक अर्जामागून अर्ज करीत राहिले, ते याच अपमानापोटी. साता समुद्रापलीकडे अमेरिकेतही असाच एक सैनिक होऊन गेला. १२ जून हा त्यांचा स्मृतिदिन. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला ठाऊक आहेत, माल्कम एक्सही ठाऊक आहेत. मेडगर एव्हर्स यांचे नाव मात्र आपल्या सभांतून क्वचितच घेतले जाते.

२ जुलै १९२५ रोजी मिसिसिपी राज्यातील डिकॅटर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, शिवाय थोडी शेती. शाळेत जायचे तर मैलोन् मैल पायी. वडिलांच्या ओळखीच्या एका काळ्या माणसाला गोऱ्यांच्या जमावाने हालहाल करून मारले आणि त्याचे रक्ताळलेले कपडे कित्येक महिने तसेच पडून राहिले. येताजाता ते कपडे लहानग्या मेडगरच्या नजरेस पडत.

१९४३ साली ते सैन्यात दाखल झाले. ते सैन्यही विटाळ पाळणारेच होते. काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या आणि त्यांच्यावर अधिकारी गोरे. नॉर्मंडीच्या स्वारीनंतर फ्रान्समध्ये रसद पोहोचविण्याचे काम त्यांच्या तुकडीने केले. वंशश्रेष्ठत्वाची डिंग मारणाऱ्या हिटलरविरुद्ध लढून १९४६ साली हा तरुण घरी परतला. त्याच वर्षी भाऊ चार्ल्स व आणखी काही तरुण सैनिकांसह तो मतदानाला गेला, तेव्हा हत्यारबंद गोऱ्यांनी त्यांची वाट अडवली. मत न देताच त्यांना परतावे लागले. योगायोग असा की त्याच १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांचा अमेरिकेतील विद्वान डु बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार झाला. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागवली होती. हे डु बॉईस एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. पुढे मेडगर याच संघटनेचे मिसिसिपीतील पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

अल्कॉर्न कॉलेजात शिकत असताना त्यांची मर्ली यांच्याशी ओळख झाली आणि १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे लग्न झाले. पोटासाठी त्यांनी विमा एजंटची नोकरी धरली. कापसाच्या मळ्यांतल्या खोपटी हिंडताना मजुरांची जी दशा दिसली, तिने त्यांना चळवळीत ओढले. काळ्यांना संडास वापरू न देणाऱ्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार घालण्याच्या मोहिमेत ते उतरले. महाडच्या तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना या मोहिमेचे मर्म वेगळे सांगायला नको. १९५४ साली त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश मागितला. शिफारसपत्रांतली तांत्रिक खोट काढून तो नाकारण्यात आला. मी स्वतः कायदा शिकलो तो राखीव जागेवर, त्यामुळे ही ओळ मला सहज ओलांडून जाता येत नाही.

त्याच वर्षी संघटनेने त्यांना नेमले आणि कुटुंब जॅक्सन शहरात राहायला आले. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलचा निर्घृण खून झाला. त्या प्रकरणी साक्षीदार शोधण्यासाठी मेडगर शेतमजुराच्या वेशात गावोगाव फिरले. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ त्याच मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. त्या लढाईतही मेडगर त्यांच्या पाठीशी उभे होते.

हे सारे करणारा माणूस घरात कसा होता? थोरल्या मुलाच्या नावात त्यांनी आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जोमो केन्याटांचे नाव गुंफले, जसे आपण मुलांना राहुल, सिद्धार्थ म्हणतो. मुलगी रीना, धाकटा व्हॅन. जॅक्सनमधल्या घराला दर्शनी दरवाजाच नव्हता. रस्त्यावरून कुणी नेम धरू नये म्हणून गाडी उभी करायच्या जागेतून आत जायचे. बंदुकीचा आवाज आला की जमिनीवर पालथे पडायचे आणि सरपटत न्हाणीघरातल्या टबात जायचे, हे बापाने तिन्ही लेकरांना शिकवून ठेवले होते. सैन्यात शिकलेली कवायत तो आपल्या पोरांकडून करून घेत होता. मे १९६३ मध्ये घरावर पेटती बाटली फेकली गेली, ती आग मर्ली यांनी बागेच्या पाईपने विझवली. नवऱ्याच्या कामाची त्यांना धास्ती होती, त्यावरून दोघांत खटके उडत. तरी त्या त्यांच्याच कार्यालयात सचिव म्हणून राबल्या. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातल्या स्त्रियांचा हिशेब असाच असतो, आणि तो आपण क्वचितच मांडतो.

११ जून १९६३ च्या रात्री अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. ती पाहून मुले बापाची वाट बघत जागी होती. मध्यरात्रीनंतर मेडगर गाडीतून उतरले. हातात चळवळीचे टी-शर्ट होते. समोरच्या झुडपातून सुटलेली गोळी त्यांच्या पाठीत घुसली. मुले शिकवल्याप्रमाणे आधी जमिनीवर पडली, मग बाहेर धावली. रुग्णालयात काळा रुग्ण म्हणून आधी अडवणूक झाली आणि तासाभरात प्राण गेला. वय सदतीस. ज्याला मत देऊ दिले नाही, त्याला देशाने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरले.

खुनी बायरन डी ला बेकविथ. बंदूक जागेवरच सापडली, दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा होता. तरी १९६४ मध्ये दोन वेळा खटला चालूनही निकाल लागला नाही. दोन्ही वेळा ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष होते आणि त्यांचे एकमत झाले नाही. मर्ली साक्ष देत असताना राज्याचा माजी गव्हर्नर भर कोर्टात आरोपीशी हस्तांदोलन करून गेला. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत उभे राहणाऱ्या आम्हा वकिलांना हे दृश्य परके वाटत नाही. आमच्याकडे ज्युरी नाही, पण साक्षीदार फितूर होण्याची आणि पंचनाम्यात खोट राहण्याची सवय आहे.

वर्णभेद टिकवण्यासाठी राज्य सरकारनेच नेमलेल्या आयोगाने ज्युरींची माहिती गुपचूप बचाव पक्षाला पुरवली होती, हे १९८९ मध्ये वृत्तपत्राने उघड केले. मर्ली यांनी लगेच खटला पुन्हा उभा करण्याची मागणी लावून धरली. कोर्टाकडे जुन्या खटल्याची कागदपत्रेच सापडेनात. तेव्हा पहिल्या खटल्यातील साक्षीजबाबांची प्रमाणित नक्कल पुढे आली ती मर्ली यांच्याकडून. त्या विधवेने पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती जपून ठेवली होती. खटल्यातली बंदूक सरकारी वकिलाच्या सासऱ्यांच्या घरी निघाली, ते न्यायाधीश होते! पक्षकाराला मी पहिल्या दिवशी सांगतो, प्रत्येक कागदाची खरी नक्कल काढून घरी ठेवा. तेव्हा माझ्या मनात हीच बाई असते.

१९९१ मध्ये तपासणीसाठी मेडगर यांचा मृतदेह उकरून काढण्यात आला. बाप गेला तेव्हा धाकटा व्हॅन तीन वर्षांचा होता. शवपेटी उघडल्यावर तिशीतल्या व्हॅनला बापाचा चेहरा दिसला, बराचसा शाबूत.

५ फेब्रुवारी १९९४ रोजी आठ कृष्णवर्णीय आणि चार गोऱ्यांच्या ज्युरीने बेकविथला दोषी ठरवले. जन्मठेप भोगत असतानाच २००१ मध्ये तो मेला. १९९५ साली एनएएसीपीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी मर्ली निवडून आल्या. जॅक्सनमधले ते बिनदरवाजाचे घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.