होळकरांची ड्युसेनबर्ग

वऱ्हाडातल्या माणसाला इंदूर कधी परके वाटले नाही. अकोल्याहून अकोट, खंडवा करत महूपर्यंत जाणारी मीटरगेजची गाडी होती. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी अकोला-अकोट मार्ग बंद झाला, तोवर ती निवांतपणे धावत होती. या वाटेतल्या खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे! बँकेच्या नोकरीत मी कर्जाचे हजारो कागद चाळले, पण एवढ्या मुदतीचा कागद पाहिला नाही. राजाने सावकार व्हावे आणि साम्राज्याने कर्जदार, हा व्यवहारच विलक्षण.

त्या तुकोजीरावांचे पणतू यशवंतराव (दुसरे) होळकर. त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. अहिल्याबाईंवर ग्रंथ आहेत, इंग्रजांशी झुंजलेल्या पहिल्या यशवंतरावांवर पोवाडे आहेत. या शेवटच्या यशवंतरावांचे नाव निघाले की लोक त्यांच्या मोटारी काढतात आणि हसून विषय संपवतात. मला मात्र त्या मोटारींतल्या एका गाडीमुळेच हा माणूस समजला असे वाटते.

६ सप्टेंबर १९०८ चा त्यांचा जन्म. शिक्षण इंग्लंडात, आधी चार्टरहाउस शाळेत आणि मग ऑक्सफर्डला. लग्न कागलच्या संयोगिताबाईंशी १९२४ मध्ये झाले, म्हणजे दोघेही अजून मुलेच होती. पुढच्याच वर्षी, १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी, मुंबईत मलबार हिलवर एक मोटार दुसऱ्या मोटारीला आडवी आली. अब्दुल कादिर बावला हा व्यापारी मारला गेला आणि त्याच्यासोबतची मुमताज बेगम जखमी झाली. ती इंदूरच्या दरबारातून निघून आलेली. हल्लेखोरांचा माग इंदूरपर्यंत पोचला. चौकशीला तोंड द्या किंवा गादी सोडा, असा पेच इंग्रजांनी वडिलांपुढे, म्हणजे तिसऱ्या तुकोजीरावांपुढे, टाकला. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. एका मोटारीने त्याला राज्य मिळवून दिले, असे म्हटले तर क्रूर वाटेल, पण ते खोटे नाही.

आणि राज्य तरी कसले? पूर्ण अधिकार मिळाले मे १९३० मध्ये. तेही वर रेसिडेंट बसलेला असताना. वडिलांना एका पत्रानिशी पायउतार होताना ज्याने पाहिले, त्याला गादीची किंमत कोणी समजावून सांगायला नको. आपल्या वऱ्हाडाला तर हे प्रकरण चांगले ठाऊक आहे. १९३६ मध्ये इंग्रज आणि निजाम यांच्यात करार झाला आणि निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. प्रिन्स हैदराबादेत, कारभार नागपुरात, आणि अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला या दोहोंपैकी कोणाचेच तोंड दिसायचे नाही. किताबांचे दिवस होते ते.

यशवंतरावांनी आपला हुकूम चालेल अशा जागा शोधल्या. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. तो १९३३ च्या सुमारास पुरा झाला. त्यात ना कमानी, ना झुंबरे. साध्या सरळ रेषा, धातूचे आणि काचेचे सामान, आणि इंदूरच्या उन्हाळ्यावर उतारा म्हणून वातानुकूलन. ब्रांकुझी या शिल्पकाराचे तीन पक्षी त्यांनी विकत घेतले. तेव्हा युरोपातही भल्याभल्यांना ती शिल्पे म्हणजे थट्टा वाटे. या गृहस्थाला नजर होती, हे मान्य करायलाच हवे.

त्याच नजरेने त्यांनी मोटार निवडली. ड्युसेनबर्ग एसजे. हे ड्युसेनबर्ग बंधू मूळचे जर्मन, अमेरिकेत आयोवा राज्यात वाढलेले, सायकली बनवता बनवता इंजिनांकडे वळलेले. महाराजांसाठी सांगाडा आणि इंजिन अमेरिकेहून आले आणि वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने चढवला. दोनच माणसे बसतील अशी उघडी गाडी. मागचा भाग नावेच्या टोकासारखा निमुळता. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर पावणेतेरा फुटांहून जास्त. यातली निम्मी लांबी इंजिनानेच खाल्लेली.

कारण ते इंजिन होते एका ओळीत आठ सिलिंडरचे. आठ सिलिंडर दोन रांगांत इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके मांडले की इंजिन आखूड होते. फोर्डने तेच केले आणि स्वस्तात विकले. ओळीतल्या आठांची चाल मात्र अत्यंत गुळगुळीत. अडचण एकच. क्रँकशाफ्ट लांब, आणि लांब दांडा वेगात फिरला की पिळवटतो, थरथरतो. ड्युसेनबर्गने त्या दांड्याला पारा भरलेल्या दोन नळकांड्या बसवल्या. थरथर सुरू झाली की आतला पारा हिंदकळे आणि ती शोषून घेई. आमच्या जिनिंगमधल्या कुण्या जुन्या फिटरला हे सांगितले असते तर त्याने कानाला हात लावला असता.

आकार ४२० घनइंच, म्हणजे सुमारे ६.९ लिटर. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, एकूण बत्तीस, आणि ते उघडझाप करायला वर दोन कॅमशाफ्ट. आजच्या साध्या गाडीतही ही रचना आढळते, पण १९२८ मध्ये हे इंजिन जगापुढे आले तेव्हा ती शर्यतीच्या गाड्यांतली चैन होती. साध्या 'जे'ची ताकद कंपनीच्या हिशेबाने २६५ हॉर्सपॉवर. 'एसजे'ला त्यावर सुपरचार्जर. इंजिन आपल्या दमाने हवा ओढते, आणि जेवढी हवा तेवढेच पेट्रोल जळते. लोहार भाता मारून निखारा फुलवतो, तसा हा पंखा हवा-पेट्रोलचे मिश्रण आत रेटतो. ताकद झाली ३२०. त्याच वर्षांत फोर्डची आठ सिलिंडरची गाडी ८५ वर होती. वेग ताशी सव्वाशे मैलांच्या पुढे जातो असा कंपनीचा दावा.

माझ्या नोकरीत विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची कर्जे पुष्कळ असत. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन, एक विहीर, दोन-चार एकर ओलित, आणि त्यावर एक कुटुंब. त्या मापाने महाराजांच्या बॉनेटखाली चौसष्ट विहिरी होत्या. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण विहिरीवरचे इंजिन तासन् तास एका लयीत राबते आणि मोटारीचा आकडा तिच्या शिखरावरचा. तरीही कापसाच्या मुलखातल्या माणसाच्या मनात हा भागाकार आल्यावाचून राहत नाही. पैसा शेवटी रयतेचा, आणि महाराज वर्षातले कितीतरी महिने युरोप-अमेरिकेत.

असे असूनही मला ही गाडी निव्वळ उधळपट्टी वाटत नाही. पायाखालचे पेडल दाबले की ३२० घोडे ताबडतोब ऐकतात, रेसिडेंटला विचारत नाहीत. जन्मभर ज्याचे प्रत्येक फर्मान दुसऱ्याच्या संमतीवर अडून राहिले, त्याला ही आज्ञाधारकता किती सुखाची वाटली असेल! सव्वाशे मैल धावायला तेव्हा इंदुरात सडक होती कुठे, हा प्रश्न वेगळा.

१९३७ हे वर्ष वाईट निघाले. संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, विशी नुकतीच ओलांडलेली असताना. मागे लहानगी उषा. त्याच वर्षी ड्युसेनबर्ग कंपनीही बुडाली. मंदीने गिऱ्हाईक संपले होते, सगळ्या मिळून पाचशेही 'जे' बनल्या नाहीत. ब्रांकुझीच्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उठायचे होते. शिल्पकार त्यासाठी हिंदुस्थानात येऊन गेला, पण मंदिराची वीटही रचली गेली नाही. महाराजांचे मन त्यातून उठले होते. पुढे दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्ने झाली, १९४४ मध्ये मुलगा झाला.

एका बाबतीत मात्र त्यांचे राज्य निर्वेध होते. नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखालच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते, संघ मात्र त्यानंतरही काही वर्षे होळकरांच्या नावाने खेळत राहिला. यशवंतराव १९५६ पर्यंत उपराजप्रमुख होते. हा किताब मिळाला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत ते गेले. वय त्रेपन्न.

माणिकबागेतले सामान १९८० मध्ये माँटे कार्लोला लिलावात निघाले आणि जगभर पांगले. वाड्यात केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आले. ड्युसेनबर्ग अमेरिकेला परत गेली. तिकडच्या हौशी संग्राहकांनी तिला जिवापाड जपले आहे, आणि तिच्या नावापुढे आजही इंदूरचे महाराज असे लिहिलेले असते.