विश्लेषण : हरवलेले वैमानिक शोधणारा लेखक स्वतः कसा हरवला?
‘द लिटल प्रिन्स’चे लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी (१९००-१९४४) हे फ्रेंच टपाल वैमानिक. १९२७ मध्ये सहारातील केप जुबी तळाचे ते प्रमुख झाले. वाळवंटात उतरलेली विमाने शोधणे, टोळ्यांशी बोलणी करून वैमानिक सोडवणे हे त्यांचे काम होते. ३० डिसेंबर १९३५ रोजी पॅरिस-सायगाव विक्रमाच्या प्रयत्नात त्यांचेच विमान इजिप्तमधील वाळवंटात कोसळले. नेमके ठिकाण त्यांनाही ठाऊक नव्हते. मग शोध घ्यायचा कुठे? पाणी एका दिवसालाही पुरणारे नव्हते. पायपीट करून मरणासन्न झालेल्या त्यांना आणि मेकॅनिकला अखेर उंटावरच्या एका बेदुइनाने वाचवले. १९४४ मध्ये मात्र ते भूमध्य समुद्रावर बेपत्ता झाले. विमानाचे अवशेष मार्सेजवळ सापडले, ते २००० मध्ये.