मागण्याची रीत

मागणं ही अवघड विद्या आहे. हात पसरून मागणारा स्वतः लहान होतो आणि दरडावून मागणारा देणाऱ्याला लहान करतो. दोघांपैकी कुणाचीही मान खाली न जाता मागता येतं का? आपल्या मराठी मुलखातल्या एका कृश, दाढीवाल्या माणसाने या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी हिंडून शोधलं. त्यांचं नाव विनोबा भावे.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर. त्यामुळे जमीन म्हटली की मला आधी सातबारा दिसतो, मग बोजा, मग तारण. माती सगळ्यात शेवटी. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ पिढीभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिले आहेत. म्हणूनच विनोबांचं चरित्र मला कोड्यात पाडत आलं आहे. जिथे बांधावरून कुऱ्हाडी निघतात, तिथे नुसत्या बोलण्याने लाखो एकर जमीन देऊ करायला माणसं तयार कशी झाली?

या कोड्याचा पहिला धागा सापडतो रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भाव्यांचा जन्म तिथे झाला. घरी फणस पिकला की त्यातले गरे आधी शेजारीपाजारी जायचे, मग घरच्या मुलांच्या वाट्याला यायचे. देतो तो देव आणि राखून ठेवतो तो राक्षस, अशी शब्दांची फोड आई रुक्मिणीबाई मुलांना करून सांगत. पुढे विनोबांनी देशाला जे सांगितलं त्याचं बीज या फणसाच्या गऱ्यात आहे.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. आपली प्रमाणपत्रं त्याने त्याआधीच आईदेखत चुलीत घातली होती. काशीत त्याला गांधीजींच्या भाषणाची बातमी लागली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात भेट झाली. हिमालय आणि क्रांती, दोन्हींची ओढ असलेल्या तरुणाला दोन्ही एकाच ठिकाणी सापडली.

गीता मराठीत सोपी करून मिळावी, ही आईची इच्छा होती. आई १९१८मध्ये गेली. मुलाने तिची इच्छा १९३०-३१मध्ये गीताई लिहून पुरी केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. समोर राजबंदी होते तसे साधे कैदीही होते. तत्त्वज्ञान सांगायचं, पण उदाहरण स्वयंपाकघरातलं, शेतातलं द्यायचं, ही हातोटी त्या प्रवचनांत पानोपानी दिसते. १९४०मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधीजींनी या फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसाला दिला, तेव्हा देशाने हे नाव विचारलं.

गांधीजी गेल्यावर खरी परीक्षा आली. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालू होता. दिवसा पोलीस, रात्री क्रांतिकारक, अशी तिथल्या खेड्यांची अवस्था होती. १९५१मध्ये पवनारहून पायी निघून विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पोचले. तुरुंगातल्या कम्युनिस्टांना भेटले आणि त्याच अशांत भागातून परत निघाले. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी आपल्या गरजेचा हिशेब मांडला: ऐंशी एकर मिळाली तर भागेल. सरकारकडे अर्ज करण्याचं आश्वासन सोपं होतं. विनोबांनी तो प्रश्न तिथे जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारला. रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागणी ऐंशीची, देणं शंभराचं! माझ्या नोकरीत असा व्यवहार कधी टेबलावर आला नाही.

पण एक दाता उठला म्हणून चळवळ होत नाही. चळवळ झाली ती विनोबांच्या बोलण्याच्या रीतीमुळे. ते जमीनदाराच्या दारात याचक म्हणून उभे राहिले नाहीत, फिर्यादी म्हणूनही नाहीत. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असा त्यांचा हिशेब. मुलगा भीक मागत नाही आणि लूटही करत नाही. तो हक्काचं मागतो, पण प्रेमाच्या नात्याने. दान या शब्दाला चिकटलेला उपकाराचा वास त्यांनी काढून टाकला. दान म्हणजे सारखं वाटप, हा शंकराचार्यांचा अर्थ ते गावोगाव सांगत. म्हणजे देणाऱ्याला मोठेपणा नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपणा नाही. गरिबाच्या दोन गुंठ्यांचं दानही ते घेत, कारण गरिबाने दिलं की श्रीमंताला मागे राहण्याची लाज वाटे.

अशी भाषा बोलणाऱ्याला मारही खावा लागतो. १९५३मध्ये बिहारातल्या वैद्यनाथधामला हरिजनांसह दर्शनाला गेले असताना पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. विनोबांनी शिक्षेची मागणी केली नाही. १९५८मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलापुढे ते सर्वधर्मीय सहकाऱ्यांसह उभे राहिले. साने गुरुजींनी १९४७मध्ये प्राण पणाला लावून उघडलेला तो दरवाजा आणखी रुंद झाला. १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं खाली ठेवली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ती लपवून विनोबांचा गौरव करणं त्यांनाच आवडलं नसतं. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. दानपत्रं झाली चाळीस लाखांहून थोड्या अधिक एकरांची. त्यातली कितीतरी जमीन खडकाळ, कितीतरी वादातली, काही तर देणाऱ्याच्या नावावरच नव्हती. सभेत डोळ्यांत पाणी आणून दिलेला शब्द तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचायला वर्षं लागली आणि पुष्कळदा पोचलाच नाही. मन वळवणं आणि नोंद फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात विनोबांना तोड नव्हती. दुसऱ्यासाठी लागणारी चिवट माणसं त्यांच्यामागे पुरेशी उभी राहिली नाहीत. तरीही जी लाखो एकर खरोखर वाटली गेली, ती रक्ताचा थेंब न सांडता. हा जमेचा आकडा पुसता येत नाही.

शब्दांच्या या जाणकारावर शब्दच उलटले, हेही सांगायला हवं. १९७५च्या आणीबाणीत ते वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी महाभारतातल्या अनुशासन पर्वाकडे निर्देश केला आणि सरकारी प्रचाराने तो दोन शब्दांचा आशीर्वाद म्हणून भिंतीभिंतींवर रंगवला. आचार्यांचं अनुशासन वेगळं आणि शासन वेगळं, हा खुलासा नंतर आला, पण घाव बसून गेला होता. जयप्रकाशांसारखे जुने सहकारी तेव्हा सरकारच्या कैदेत होते. बोलून जोडलेली माणसं न बोलल्याने दुरावतात, हा धडा त्यात आहे.

१५ नोव्हेंबर १९८२ला, ऐन दिवाळीत, अन्नपाणी आणि औषध सोडून विनोबांनी पवनारला शांतपणे देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आज आपल्या घरांत, सोसायट्यांत, सभांमध्ये मागण्या खूप होतात. समोरच्याला आधी आरोपी ठरवूनच बहुतेक मागण्या सुरू होतात, मग तो दार लावून घेतो. विनोबा दाराशी गेले ते घरातला एक होऊन. उद्या भावाकडे, शेजाऱ्याकडे काही हक्काचं मागायचं असेल, तर आधी त्याच्या घरातलं आपलं नातं कोणतं ते ठरवावं. आणि त्याने हो म्हटलं, तर त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन यावं.