तापाला भरवशाचा आकडा देणारा फॅरनहाइट

घरात कुणी तापाने अंथरूण धरले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ताप किती? उत्तर येते, एकशे दोन. एकशे दोन म्हणजे कशाचे, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. हवेचे तापमान आपण केव्हाच सेल्सिअसमध्ये मोजू लागलो. अंगातला ताप मात्र आपल्याकडे अजूनही फॅरनहाइटमध्येच चढतो आणि उतरतो.

ज्याचे नाव असे घराघरात पोहोचले, तो डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट डॉक्टर नव्हता. त्याच्याकडे कुठल्या विद्यापीठाची पदवीही नव्हती. तो काचेच्या नळ्या फुंकून उपकरणे बनवणारा कारागीर होता. तापमापकाचा शोधही त्याने लावला नाही. ते त्याच्या आधीपासून होते. त्याने सोडवलेला प्रश्न वेगळा होता : दोन तापमापक एकाच ठिकाणी ठेवले, तर दोन्ही एकच आकडा दाखवतील का?

फॅरनहाइटचा जन्म २४ मे १६८६ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग या व्यापारी शहरात झाला. आज ते पोलंडमधले ग्दान्स्क. घराणे व्यापाऱ्याचे, परिस्थिती चांगली. १४ ऑगस्ट १७०१ रोजी विषारी अळंबी खाण्यात आल्याने आई आणि वडील दोघेही एकाच दिवशी गेले. पंधरा वर्षांचा डॅनियल भावंडांत सर्वांत मोठा. पालकांनी त्याला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला पाठवले. तिथे हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्याचे मन रमले ते वायुभारमापक आणि तापमापक बनवणाऱ्यांच्या कामात.

व्यापाराची उमेदवारी सोडून तो उपकरणांच्या मागे लागला आणि त्यासाठी त्याने कर्जही केले. पालक संतापले. त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे धाडून द्यावे, असा हुकूम त्यांनी मिळवला. परदेशी धाडलेले असे किती तरी तरुण परत येत नसत. फॅरनहाइट निसटला. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन अशा मुलखांत तो वर्षानुवर्षे फिरत राहिला आणि जिथे जाईल तिथे विद्वानांना व कारागिरांना भेटत राहिला.

तेव्हाच्या तापमापकांची अवस्था समजून घ्यायला हवी. काचेच्या नळीत मद्यार्क भरलेला असे. उष्णतेने तो फुगून वर चढे आणि थंडीने खाली उतरे. नळीवर खुणा असत, पण त्या खुणा ज्याच्या त्याच्या. एका गावचा उन्हाळा एका उपकरणावर वीस, तर दुसऱ्यावर पन्नास. नळीचे भोक वर बारीक आणि खाली रुंद असले, तर त्याच उपकरणावरचे दोन अंशही सारखे नसत. अशा आकड्यांची तुलना करता येत नाही. आणि तुलना करता येत नसेल, तर काल रोग्याचे अंग किती तापले होते आणि आज किती उतरले, हे वैद्याला हाताच्या स्पर्शावरूनच सांगावे लागते.

१७०८ मध्ये फॅरनहाइट कोपनहेगनला ओले रोमर याला भेटला. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, हे गुरूच्या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून दाखवून देणारा हा खगोलशास्त्रज्ञ. त्या सकाळी रोमरने काही तापमापक पाणी आणि बर्फाच्या मिश्रणात उभे करून ठेवले होते. तिथली पातळी नळीवर नोंदवली. मग तेच तापमापक अंगाइतक्या कोमट पाण्यात बुडवून दुसरी खूण केली. त्या दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्मे अंतर त्याने खालच्या बाजूला जोडले आणि सगळ्याचे साडेबावीस भाग केले. बर्फाची खूण साडेसातवर आली, शरीराची साडेबावीसवर.

बाविशीतल्या फॅरनहाइटने इथून नेलेली गोष्ट त्याला जन्मभर पुरली. नळी कितीही जाड-बारीक असो, ती आधी निसर्गात न बदलणाऱ्या दोन ठिकाणी नेऊन तिथल्या खुणा करायच्या आणि मधले अंतर सारखे वाटायचे. आज ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात, त्याचे मूळ हेच. उपकरण काय सांगते ते आधीच माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहायचे.

त्याने रोमरच्या प्रत्येक अंशाचे चार भाग केले. बर्फ तीसवर आणि शरीर नव्वदवर आले. पुढे त्याने हे आकडे ३२ आणि ९६ केले. त्यामागे कारागिराची सोय होती. ३२ आणि ९६ यांच्यात ६४ अंश येतात, आणि ६४ चे निम्मे, पुन्हा निम्मे असे सहा वेळा केले की बरोबर एक अंश हाती येतो. काचेच्या नळीवर खुणा करणाऱ्याला परकाराने निम्मे करत जाणे सर्वांत सोपे. शून्यासाठी त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा मीठ यांचे मिश्रण घेतले. वरच्या खुणेसाठी निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत तापमापक धरायचा, पातळी चढायची थांबेपर्यंत.

१७१४ मध्ये त्याने जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे प्राध्यापक ख्रिस्तियान वोल्फ यांना दोन मद्यार्काचे तापमापक दिले. दोन्ही जवळजवळ अचूक सारखे चालत होते. वोल्फ यांना याचे इतके आश्चर्य वाटले की त्यांनी त्यावर लेखच प्रसिद्ध केला. आज दुकानातून दोन थर्मामीटर आणले आणि ते सारखे निघाले, तर आपण त्याकडे लक्षही देणार नाही. तेव्हा ती बातमी होती.

त्यानंतर तो पाऱ्याकडे वळला. पारा साधारण समप्रमाणात फुगतो, काचेला चिकटत नाही आणि पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर चालतो. तो शुद्ध करणे आणि बारीक नळीत भरणे कौशल्याचे काम होते. खालचा गोल फुगाही त्याने लांबट केला, म्हणजे बाहेरची उष्णता आत लवकर पोहोचे. हॉलंडमध्ये स्थायिक होऊन तो तापमापक, वायुभारमापक बनवून विकू लागला आणि रसायनशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. त्याच वर्षी त्याचे लॅटिनमधले निबंध सोसायटीच्या नियतकालिकात आले.

त्या निबंधांत एक नोंद आहे. हवा काढून बंद केलेल्या काचेच्या गोळ्यात पाणी भरून त्याने ते १७२१ च्या थंडीत रात्रभर बाहेर ठेवले. हवा १५ अंशांवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे नऊच्याही खाली गेली होती. तरी सकाळी पाणी पाणीच होते. गोळ्याचे टोक तोडताच आत बर्फ झाले. दुसऱ्या वेळी असाच गोळा हातात घेऊन जिना चढताना त्याला ठेच लागली, आणि त्या हिसक्यानेच पाणी गोठले. म्हणजे पाणी नेमक्या कोणत्या अंशाला गोठू लागेल, यावर भरवसा ठेवता येत नाही. भरवसा ठेवायचा तो पाणी आणि बर्फ एकत्र असलेल्या मिश्रणावर. पाण्याचा उकळबिंदूही हवेच्या दाबाप्रमाणे वरखाली होतो, हेही त्याने मोजून दाखवले. स्वतःच्या शून्याबद्दलही तो प्रामाणिक होता : मिठाच्या मिश्रणाचा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चांगला जमतो, असे त्याने नोंदवले आहे.

त्याची वरची खूण मात्र कच्ची होती. निरोगी माणसाचे तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असते. दिवसभरात सुमारे एक अंश फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. पुढच्या लोकांनी ही खूण सोडून दिली आणि बर्फाचे ३२ व उकळत्या पाण्याचे २१२ हे दोन बिंदू पक्के केले. मग १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रोग्यांच्या नोंदींवरून शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस ठरवले. त्याचे रूपांतर म्हणजे आपल्या ओळखीचे ९८.६.

फॅरनहाइटच्या ग्राहकांत लायडनचे ख्यातनाम वैद्य हेर्मान बोरहावे होते. त्यांनी मागवलेल्या दोन तापमापकांत, एक मद्यार्काचा आणि एक पाऱ्याचा, थोडा फरक दिसला. त्यांनी तो कळवल्यावर फॅरनहाइटने फरक नाकारला नाही. कारण शोधू लागला आणि वेगवेगळ्या काचा वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात इथपर्यंत पोहोचला. माल परत आल्यावर ग्राहकाशी वाद न घालता काच तपासणारा हा विक्रेता होता.

बोरहावे यांच्या सांगण्यावरून त्याने एक क्रूर प्रयोगही केला. साखर वाळवण्याच्या १४६ अंशांच्या, म्हणजे सुमारे ६३ सेल्सिअसच्या खोलीत चिमणी, मांजर आणि कुत्रा ठेवले. तिन्ही काही मिनिटांत ते अर्ध्या तासाच्या आत मेली. रक्ताहून गरम हवेत प्राणी जगू शकत नाही, असा निष्कर्ष बोरहावे यांनी काढला. सुमारे चाळीस वर्षांनी लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी २६० अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे उभे राहिले आणि सुखरूप बाहेर आले. त्यांच्याबरोबरचा कुत्राही जगला. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि शरीर थंड राहते; दमट हवेत घाम उडत नाही. हवेतला ओलावा मोजला नाही, तर नुसता तापमानाचा आकडा अर्धेच सांगतो. विदर्भातले कोरडे बेचाळीस आणि कोकणातले दमट छत्तीस यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून का करू नये, याचे उत्तर इथे आहे.

ओलावा मोजण्याची जुनी रीतही तापमापकावरच उभी आहे. दोन तापमापक शेजारी टांगायचे आणि एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळायचे. दोघांतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. साहजिकच ते दोन तापमापक मुळात सारखे चालणारे हवेत.

फॅरनहाइटने आयुष्यभर चालवलेली ही पडताळणी आज आपल्या औषधांपर्यंत येते. गोळ्यांच्या पाकिटावरची वापराची मुदत अंदाजाने छापलेली नसते. ते औषध नियंत्रित कपाटात महिनोन्महिने ठेवून पाहतात. त्यातल्या एका प्रचलित चाचणीत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत औषध सहा महिने राहते. कपाटातले तापमान दाखवल्यापेक्षा एक अंशाने वेगळे असेल, तर त्याच ओलाव्याला आर्द्रतेचा आकडा सुमारे चार टक्क्यांनी बदलतो. म्हणून कपाटाच्या दारावरच्या आकड्यावर विसंबत नाहीत. आतल्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी तपासलेले संवेदक ठेवून कुठे किती फरक आहे ते पाहतात. ते संवेदक त्याहून अचूक मापकाशी ताडलेले असतात, आणि ही साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. आर्द्रतेसाठी तर साधे मीठही उपयोगी पडते. बंद डब्यात मिठाचा संपृक्त, तळाशी मीठ उरलेला द्राव ठेवला, की आतली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. बर्फाच्या पाण्यासारखीच ही निसर्गाने दिलेली पक्की खूण.

रुग्णालयातल्या लशींच्या फ्रिजला आणि कमी वजनाच्या बाळाच्या पेटीला हेच लागू आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. काही लशी गोठल्या की निकामी होतात, आणि बाहेरून पाहून ते बहुधा कळत नाही. फ्रिज पाच दाखवत असेल आणि आत शून्याखाली असेल, तर नोंदवहीत सगळे व्यवस्थित राहील आणि बाळाला टोचलेल्या लशीचा उपयोग होणार नाही. आकडा दिसतो म्हणजे तो खरा असतो, असे नाही. तो शेवटचा केव्हा आणि कशाशी ताडला होता, हे विचारायला हवे.

१७३६ च्या उन्हाळ्याअखेर फॅरनहाइट आपल्या एका यंत्राचे हक्क मिळवण्यासाठी हेगला गेला. तिथे आजारी पडला आणि १६ सप्टेंबरला, पन्नासाव्या वर्षी वारला. लग्न केले नव्हते, पैसा उरला नव्हता. त्याचे दफन गरिबांसाठीच्या चौथ्या वर्गात झाले. मागे राहिले ते त्याचे तापमापक, आणि ते एकमेकांशी जुळत होते. त्यामुळेच पुढच्या काळातल्या डॉक्टरांना एका रोग्याचा ताप दुसऱ्याच्या तापाशी, आणि आजचा कालच्याशी ताडून पाहता आला.