ती रोल्स रॉईस नव्हती!

(स्टॅनमोर, युनायटेड किंगडम)

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंदूरच्या काकांनी एक जुना काळा-पांढरा फोटो टाकला. लांबलचक बॉनेटची उघडी मोटार आणि खाली ओळ : होळकर महाराजांची रोल्स रॉईस. पाच मिनिटांत हात जोडलेले इमोजी आणि अभिमानाचे मेसेज सुरू झाले. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे. चहा तसाच ठेवून फोटो मोठा करून बघत बसलो.

रोल्स नाही हे लगेच कळलं. रोल्सचा रेडिएटर देवळाच्या दर्शनी भागासारखा असतो, कडा सरळ आणि माथा त्रिकोणी. इथे माथा गोलसर होता. बॉनेट तर संपता संपत नव्हतं. माझ्या मनात नाव आलं ते अमेरिकन ड्यूझनबर्गचं.

1928 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ड्यूझनबर्गचं मॉडेल जे आलं. आठ सिलिंडर एका रांगेत, इंजिन सुमारे 6.9 लिटरचं आणि कंपनीचा दावा 265 हॉर्सपॉवरचा. पुढे सुपरचार्जर लावलेलं एसजे आलं, त्याची ताकद 320 सांगत. अशा गाड्या एकूण पाचशेच्या आतच बनल्या. कंपनी फक्त चासी आणि इंजिन द्यायची, त्याचीच किंमत सुरुवातीला 8,500 डॉलर! वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. कापड एकीकडून घेऊन दुसरीकडे शिवून घेण्यासारखंच.

म्हणून अशी गाडी फोटोवरून ओळखताना कंपनी कळली की अर्धंच काम होतं. बॉनेटच्या बाजूने निघणारे चकचकीत एक्झॉस्ट पाइप ही एसजेची खूण मानतात, पण त्यावर विसंबू नये. साध्या मॉडेललाही ते हौसेने बसवले जात. रंग तर काळ्या-पांढऱ्या फोटोत कळतच नाही. मग काचेचा उतार, दाराची रेघ, मडगार्डचं वळण आणि मागचा निमुळता भाग एकेक करून माहितीच्या फोटोंशी ताडून बघायचा. ही बॉडी एकच बनली होती, त्यामुळे जुळलं तेव्हा शंका उरली नाही. ही 1935 च्या चासीवरची इंदूरची ड्यूझनबर्ग, खरा रंग केशरी आणि काळा. दोन चाकांमधलं अंतरच पावणेतेरा फूट, आणि बसायला मुख्यतः दोघं!

गंमत म्हणजे तिची बॉडी इथेच, लंडनमध्ये तयार झाली. चेल्सीत किंग्ज रोडजवळ गर्नी नटिंग यांचा कारखाना होता आणि ए. एफ. मॅक्नील हे त्यांचे डिझायनर. आमचं स्टॅनमोर म्हणजे जुबिली लाइनचं शेवटचं स्टेशन. वेस्टमिन्स्टरला गाडी बदलून स्लोन स्क्वेअरला उतरलं की किंग्ज रोड सुरू होतो. तिथून मी कितीदा गेलोय, पण इंदूरची गाडी इथे घडली हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गाडी ओळखली, पण मालकाचं काय? ग्रुपवर कुणालाच फारसं सांगता येईना. थोडं वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 चा. इंग्लंडमध्ये चीम, चार्टरहाऊस आणि मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च असं त्यांचं शिक्षण झालं. 1925 च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडलं. त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि वडील तुकोजीरावांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला! पूर्ण अधिकार हाती आले ते 1930 मध्ये.

त्याआधीच कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी त्यांचं लग्न झालं होतं. ऑक्सफर्डच्या दिवसांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. त्याच्याकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा घडवून घेतला. ना कमानी, ना नक्षी. सरळ रेषा, काच, धातू आणि त्या काळच्या सर्वांत नव्या धाटणीचं फर्निचर. शिल्पकार ब्रांकुशीचे तीन पक्षी त्यांनी घेतले. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरलं, ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झालंच नाही.

कारण मधेच आघात झाला होता. 1937 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाई ऐन तारुण्यात गेल्या. मुलगी उषा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. पुढे त्यांनी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. अमेरिकन आईचा म्हणून मुलगा रिचर्ड वारस ठरला नाही, वारसा उषाराजेंकडे गेला.

ते नुसते शौकीन होते असंही नाही. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली याच संघातले. 1942 मध्ये भारताच्या प्रश्नात मध्यस्थी व्हावी म्हणून त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खुलं पत्र लिहिलं. ब्रिटिशांच्या संमतीने गादीवर बसलेल्या राजाने असं करणं सोपं नव्हतं. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि ते उपराजप्रमुख झाले. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, वय अवघं त्रेपन्न.

एक गोष्ट मात्र मनात सलते. ही गाडी, तो महाल, ते पक्षी, सगळं शेवटी रयतेच्या पैशातून आलेलं. अभिमानाचे मेसेज टाकताना हेही विसरू नये. आणि त्यातलं इंदूरला उरलं किती? दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला. माणिकबागेच्या फर्निचरचा 1980 मध्ये मोनॅकोत लिलाव झाला, महालात सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. गाडीही अमेरिकेला परतली. ज्या घरासाठी हे सगळं जमवलं, ते घरच विखुरलं.

आपल्या घरांचंही, लहान प्रमाणात, हेच होतं ना? कुणी पुण्यात, कुणी इंदूरला, कुणी इथे. वस्तू वाटल्या जातात, फोटो फोनमध्ये फिरतात आणि दोन पिढ्यांत ड्यूझनबर्गची रोल्स रॉईस होते. गाडीचं नाव निदान रेडिएटरवरून शोधता येतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव कशावरून शोधणार?

म्हणून मंडळी, एक विनंती. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला किंवा आत्याला जुना अल्बम घेऊन बसवा. फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. मी काकांना गाडीचं खरं नाव कळवलं आणि सोबत विचारलं, आपल्या आजोबांनी ही गाडी कधी रस्त्यावर पाहिली होती का? काकांचं उत्तर अजून आलेलं नाही. ते अल्बम शोधतायत म्हणे.