संत जोन आणि तिच्या सैन्याचे नियम

दरवर्षी ३० मे रोजी संत जोन ऑफ आर्कचा सण येतो. चिलखत घातलेली, हाती निशाण घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. इंग्रजांना फ्रान्समधून हुसकावणारी शूर मुलगी, एवढीच तिची ओळख आपल्याला असते. तिने आपल्या सैन्याला कोणते नियम घालून दिले, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. आज त्याविषयी थोडे लिहीत आहोत.

जोनचा जन्म १४१२ च्या सुमारास फ्रान्समधील दोम्रेमी या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. आईने शिकवलेली ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिया’ हीच तिची शाळा. तेराव्या वर्षापासून तिला संत मायकल, संत कॅथरीन व संत मार्गारेट यांची वाणी ऐकू येऊ लागली. त्या वेळी अर्धा फ्रान्स इंग्रज आणि त्यांचे मित्र बर्गंडीचे सरदार यांच्या ताब्यात होता. १४२८ साली शत्रूच्या भीतीने जोनच्या घरच्यांनाही गुरेढोरे घेऊन शेजारच्या गावी पळावे लागले होते. सैन्य गावातून गेले म्हणजे काय होते, हे तिला कोणी सांगायला नको होते.

फ्रान्सचे सैन्य तरी काय वेगळे होते? देशाची अशी कायमची फौज नव्हतीच. निरनिराळे सरदार आपापल्या टोळ्या घेऊन येत. पगार थकला की हे सैनिक आपल्याच राजाच्या प्रजेला लुटत. कायमची पगारी फौज राजाने उभारली ती १४४५ साली. तोवर जोनला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

१४२९ च्या वसंतात धर्मपंडितांनी तिची कसून परीक्षा घेतल्यावर राजाने तिला वेढा पडलेल्या ऑर्लेआं शहराकडे सैन्यासोबत पाठवले. वय सतरा. लढाईचे नेतृत्व मुरब्बी सरदारांकडे होते, पण छावणीतले वळण जोनने बदलले. फादर पास्केरेल हे तिचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू. त्यांच्यासाठी तिने वेगळे निशाण करवून घेतले. सकाळ-संध्याकाळ त्या निशाणाभोवती धर्मगुरू जमत आणि मरियामातेची गीते गात. सैनिकांनाही तिथे यायची मुभा होती, पण त्या दिवशी पापनिवेदन केलेले असेल तरच. लुटीचे अन्न आहे असे कळले की ती त्याला शिवत नसे. छावणीत शिवीगाळ करायची नाही, देवाच्या नावाने खोट्या शपथा घ्यायच्या नाहीत. ला हीर नावाचा सरदार तर शिव्यांसाठी प्रसिद्ध! शेवटी तिने त्याला आपल्या काठीच्या नावाने शपथ घ्यायची तेवढी सूट दिली.

छावणीमागे फिरणाऱ्या वेश्यांना तिने हाकलून लावले. एकदा तर तलवार घेऊन ती अशा एका बाईच्या मागे धावली आणि त्यात तलवारच मोडली. काठीने भागले असते, असे राजाचे मत पडले. आम्हाला विचाराल तर, त्या बाईची बाजू कोणी ऐकली नाही, ही खंत आहेच.

५ मे हा प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. त्या दिवशी तिने लढाई होऊ दिली नाही. ७ मे रोजी खांद्याजवळ बाण लागूनही ती मैदानात राहिली आणि नदीवरचा मोक्याचा किल्ला पडला. तिला शिव्या देणारा इंग्रज सरदार त्या दिवशी नदीत बुडाला. पापनिवेदनाशिवाय तो गेला म्हणून जोन रडली. दुसऱ्या दिवशी रविवार. उरलेले इंग्रज सैन्य शहराबाहेर रांगा लावून उभे राहिले. फ्रेंच शिपायांचे हात शिवशिवत होते. जोनने बजावले, की आज रविवार आहे, त्यांनी हल्ला केला तरच प्रतिकार करायचा. तिने मैदानातच वेदी मांडायला लावली. एकामागून एक दोन मिस्सा झाल्या. मग तिने विचारले, शत्रूची तोंडे आपल्याकडे आहेत की पाठी? पाठी आहेत, असे कळल्यावर तिने त्यांना जाऊ दिले.

जूनमध्ये पाते येथे मोठा विजय मिळाला. एका फ्रेंच शिपायाने एका इंग्रज कैद्याचे डोके फोडले. जोन घोड्यावरून उतरली, धर्मगुरूंना बोलावले आणि तो पापनिवेदन करीत असता त्याचे डोके हातात धरून बसली.

मात्र पॅरिसवरचा हल्ला झाला तो ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणादिवशी. याच सणानिमित्त आपल्याकडे वांद्र्याला मोतमावलीची जत्रा भरते. हल्ला फसला, जोनच्या मांडीत बाण घुसला. पुढे शत्रूच्या कैदेत तिच्यावर खटला चालला, तेव्हा न्यायाधीशांनी नेमके यावर बोट ठेवले. सणाच्या दिवशी लढाई केलीस, हे पाप नव्हे काय? आपल्या मते ते महापाप नाही, आणि असलेच तर ते देवाने आणि पापनिवेदनात धर्मगुरूंनी जाणायचे, असे तिने सांगितले. आम्हाला हे उत्तर पळवाटीचे वाटत नाही. प्रत्येक शिपायाला लढाईआधी जिथे पाठवत होती, तिथेच ती स्वतः जायला तयार होती.

त्या तुरुंगात तिने मिस्सा ऐकू देण्याची पुन्हा पुन्हा विनंती केली. पुरुषी वेश सोडल्याशिवाय नाही, असे सांगून ती नाकारली गेली. ३० मे १४३१ च्या सकाळी तिला ख्रिस्तप्रसाद मिळाला आणि नंतर रूआं शहराच्या बाजारात जिवंत जाळण्यात आले. १४५६ साली ख्रिस्तसभेने तो निकाल रद्द ठरवला. वर दिलेल्या हकिकती बऱ्याचशा त्या फेरतपासणीत जुन्या सोबत्यांनी सांगितलेल्या आहेत. १९२० साली ती संत घोषित झाली.

त्याच तपासणीत आलेली आणखी एक साक्ष अशी. चितेपाशी जोनने क्रूस मागितला. तिच्याजवळ उभ्या असलेल्या एका इंग्रज शिपायाने काटकीचे दोन तुकडे जोडून लहानसा क्रूस केला आणि तिच्या हाती दिला. तिने तो मुका घेऊन उराशी ठेवला.