डोक्यातून पहार आरपार गेली, मुकादम वाचला. पण मित्र म्हणाले, हा आपला गेज नाही!

चाकण, भोसरी, तळवडे. एमआयडीसीतल्या कंपनीत शिरताना सेफ्टीच्या बोर्डावर हेल्मेटचं चित्र हमखास दिसतं. डोकं फुटू नये म्हणून हेल्मेट, एवढं सगळ्यांना कळतं. पण डोक्याला मार लागूनही माणूस वाचला, जखम भरली, तो चालत घरी आला, तर विषय संपतो का?

नाही संपत. आणि हे जगाला कळलं ते एका मुकादमामुळे. त्याचं नाव फिनीस गेज.

गेजचा जन्म १८२३ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. पंचविशीतच तो रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम झाला होता. कामाला वाघ, हिशेबाला पक्का, माणसं सांभाळणारा. ठेकेदारांचा सगळ्यात भरवशाचा माणूस.

१३ सप्टेंबर १८४८. व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव, वेळ दुपारी साडेचारची. खडकात भोक पाडायचं, त्यात सुरुंगाची दारू भरायची, वर वाळू टाकायची आणि मग लोखंडी पहारेनं ठासायचं, हे गेजचं रोजचं काम. त्या दिवशी बहुधा वाळू पडायच्या आधीच पहार खडकाला घासली. ठिणगी उडाली आणि स्फोट झाला.

साडेतीन फुटांहून लांब, सव्वा इंच जाड आणि ६ किलो वजनाची ती पहार गेजच्या डाव्या गालाखालून घुसली, डोळ्यामागून गेली आणि कवटी फोडून वर निघाली. पडली ती थेट २५ मीटर लांब.

गेज मात्र काही मिनिटांतच बोलायला लागला. बैलगाडीत ताठ बसून मुक्कामाच्या ठिकाणी आला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी उपचार सुरू केले. मध्ये जखम चिघळली, वाचायची आशा उरली नाही, पण हार्लोंनी पू काढला आणि गडी उठला. दहा आठवड्यांनी तो आपल्या घरी पोहोचला. डाव्या डोळ्याची नजर तेवढी गेली होती.

मग बिघडलं कुठं?

गेज कामावर परत गेला, तर ठेकेदारांनी त्याला मुकादमकी द्यायला नकार दिला. कारण माणूस बदलला होता. हार्लोंच्या नोंदीनुसार तो हट्टी झाला होता, शिवीगाळ करायचा, कुणाचं ऐकायचा नाही. एक बेत आखायचा, तो सोडून लगेच दुसरा. मित्रांना तर हा आपला ओळखीचा गेजच वाटेना.

आता यामागचं कारण समजून घेऊ. मोठ्या मेंदूवर करड्या रंगाचा एक थर असतो. त्याला सेरेब्रल कॉर्टेक्स म्हणतात. जाडी फक्त २ ते ४ मिलिमीटर, पण घड्या घालून बसवल्यासारखा. त्यात सुमारे १६ अब्ज चेतापेशी असतात. आणि कामाची वाटणी अगदी कारखान्यातल्या विभागांसारखी. मागचा भाग नजरेचा. कानाजवळचा ऐकण्याचा आणि आठवणींचा. वरचा स्पर्शाचा. पुढचा, म्हणजे फ्रंटल लोब, हालचालींचा. पण त्यातलाच कपाळामागचा भाग बेत आखतो, रागाला लगाम घालतो, चारचौघांत कसं वागायचं ते ठरवतो. थोडक्यात, मेंदूतला मुकादम.

गेजची पहार डाव्या बाजूच्या याच भागातून गेली होती. २०१२ मध्ये संशोधकांनी त्याच्या कवटीच्या स्कॅनवरून अंदाज काढला: कॉर्टेक्सचं नुकसान जेमतेम ४ टक्के, पण मेंदूचे विभाग जोडणाऱ्या तंतूंचं जवळपास ११ टक्के. म्हणून तर चालणं, बोलणं शाबूत राहिलं आणि लगाम तेवढा सुटला.

गोष्ट इथं संपत नाही

बहुतेक ठिकाणी गेजची गोष्ट इथंच थांबवतात. पुढे काय झालं?

काही काळ न्यूयॉर्कच्या संग्रहालयात तो पहार हातात घेऊन लोकांसमोर उभा राहिला. नंतर दीड वर्ष घोड्यांच्या तबेल्यात काम केलं. १८५२ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला गेला आणि तिथं अनेक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. पहाटे घोडे जुंपायचे, प्रवासी सांभाळायचे, परक्या देशात ठरल्या वेळी गाडी न्यायची. लगाम सुटलेल्या माणसाला हे जमलं असतं का? म्हणूनच काही अभ्यासकांना वाटतं की रोजच्या ठरलेल्या कामानं तो बराच सावरला होता.

१८५९ मध्ये तब्येत ढासळली आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. झटके यायला लागले. २१ मे १८६० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. त्याची कवटी आणि आयुष्यभर जवळ बाळगलेली ती पहार आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आजही डोक्याला मार लागून घरी आलेला माणूस चिडायला लागला, ऐकेनासा झाला, की घरचे म्हणतात, डोक्यावर चढलाय. कामावरचे म्हणतात, कामात लक्ष नाही. पण तो माज नसून दुखापतीचाच भाग असू शकतो. त्यामुळे टाके निघाल्यावरही वागण्यातला बदल डॉक्टरांना सांगा आणि माणसाला झेपेल असं, ठरल्या वेळेचं काम द्या. गेजला ठेकेदारांनी नाकारलं, पण घोडागाडीनं सांभाळून घेतलं.